नावाड्याची मान

जोडकाका गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी वस्तुसंग्रहालयाच्या मधल्या दालनात सगळे जमले. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई वस्तूंखालच्या पाट्या लिहिणाऱ्या पाटीवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही चार शब्द बोला. त्यांना तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं."

पाटीवाला उभा राहिला. त्याने दोनदा घसा खाकरला, "काका फार चांगले होते" एवढं म्हणाला आणि खाली बसला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चार शब्द सांगितले तर अगदी मोजून चारच?"

तो काय सांगणार? तळघरातल्या एका खोलीत काकांच्या पाठीला पाठ लावून तो एकोणीस वर्षं बसला होता. पण काकांबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते एका पाटीवर मावलं असतं, आणि त्याच्या पाट्या पोस्टकार्डापेक्षा मोठ्या नसत. चहा बिनसाखरेचा. डाव्या बुटात घडी घातलेला कागद, का ते कधी विचारलं नाही. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. टेबलावरचा दिवा विझवल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण एकदा कोणाच्या तरी दिव्याने कोणाचं तरी टेबल जळालं होतं. काकांना एक धाकटी बहीण आहे हे त्याला एकोणीस वर्षांनी कळलं, आणि तेही एका फुटक्या रांजणामुळे.

काकांचं काम खापरं जोडण्याचं. शहराबाहेरच्या टेकाडाखाली हजारो वर्षांपूर्वीचं एक गाव सापडलं होतं. तिथून फुटकी भांडी पोत्यांनी यायची आणि काका ती पुन्हा उभी करायचे. वाळूने भरलेल्या मोठ्या परातीत एक खापर उभं रोवायचं, त्यावर दुसरं टेकवायचं, डिंक वाळेपर्यंत हात लावायचा नाही. दोन खापरं खरी एकमेकांची असली की बसताना बारीकसा "टक्" असा आवाज येई. मग काका सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. "नख अडलं की खोटं," ते म्हणत. जिथे खापर हरवलेलं असेल तिथे ते गिलावा भरत आणि त्याला मूळ रंगापेक्षा थोडा फिका रंग देत. "सहा हातांवरून कळू नये, पण वीतभरावरून कळल्याशिवाय राहू नये. लोकांना फसवायचं नाही, फक्त खुपू द्यायचं नाही." आणि डिंक नेहमी असा, की वेळ आली तर काढता यावा. "आपण शहाणे आहोत असं समजून पक्कं काही चिकटवायचं नाही बाबा. आपल्यानंतर कोणी तरी जास्त शहाणा येईल."

त्या जुन्या गावाचं कोडं साध्या माणसालाही झोप लागू देणार नाही असं होतं. तिथे आग लागल्याची खूण नव्हती, लढाई झाल्याची नव्हती. चुलीपाशी भांडी जागच्या जागी, जोती शाबूत. पण एकही माणूस नाही. सगळं गाव एका वेळी उठून निघून गेल्यासारखं. कोणी म्हणे नदीने पात्र बदललं, कोणी म्हणे साथ आली, कोणी शापापर्यंत जाई. लिहिलेलं एक अक्षर सापडलं नव्हतं. साक्षीदार एकच होता, तो म्हणजे कंबरेएवढ्या उंचीचा एक रंगवलेला रांजण.

रांजणावर एक होडी होती. होडीत सामानाची गाठोडी, आणि पुढे हातात बांबू धरून उभा असलेला नावाडी. त्याचं अंग होडी जाते तिकडे होतं, पण चेहरा मात्र पार मागे, सोडून दिलेल्या काठाकडे वळलेला. पाटीवाला नोकरीला लागला त्याच आठवड्यात हा रांजण काकांनी जोडून पुरा केला होता. पाटीवाल्याने तिथे लिहिलेली पहिली पाटी त्याचीच: "मागे वळून पाहणारा नावाडी".

त्या मानेने सगळ्यांचं बस्तान बसवलं. बाई तेव्हा नुकत्याच शिकून आलेल्या होत्या, त्यांनी त्या चेहऱ्यावर प्रबंध लिहिला. जाताना मागे वळून पाहू नये, पाहिलं तर घात होतो, अशा कथा जगात कुठे कुठे आहेत ते त्यांनी त्यात मांडलं आणि आपला नावाडी त्या सगळ्यांच्या आधीचा असू शकेल असं सुचवलं. नावाड्याचं डोकं अंगाच्या मानाने जरा लहान होतं. त्यावर एका परदेशी पंडिताने चाळीस पानं लिहिली, की दुःखाने माणूस आक्रसतो हे त्या लोकांना ठाऊक होतं. आणि पाहुण्यांना माहिती सांगणारा माणूस, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो तर त्या डोक्यावरच जगत होता. आवाज असा, की पाहुणे दारात असतानाच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायची. "शेवटची होडी! बजावलं होतं, मागे बघू नकोस! पण याला राहवलं नाही! बघितलं, आणि मान तशीच राहिली, ती आजपर्यंत! आणि रडून रडून डोकं किती लहान झालं बघा!"

"रडून डोकं लहान होत असतं," जोडकाका खाली म्हणायचे, "तर भोंग्याच्या बायकोचं एव्हाना वाटाण्याएवढं झालं असतं."

काकांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा कोठारातलं सामान हलवायचं निघालं. जुने डबे उतरवून त्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम पाटीवाल्याकडे आलं. एका गंजक्या बिस्किटांच्या डब्यावर पुसटसं लिहिलेलं त्याने मोठ्याने वाचलं, "पूर्वेचा खड्डा, किरकोळ," आणि डबा काकांच्या टेबलावर ठेवला. "काका, यात काय आहे ते सांगा, म्हणजे चिठ्ठी करतो."

काकांनी डबा उपडा केला. बहुतेक चुराच होता. त्यातलं दोन बोटांएवढं एक खापर त्यांनी उचललं, थुंकी लावून अंगठ्याने पुसलं, आणि ते थांबले. कडेवरून त्यांनी नख फिरवलं, एकदा, मग उलट्या दिशेने पुन्हा. मग त्यांनी ते खापर सदऱ्याच्या खिशात टाकलं.

पाटीवाल्याने ते पाहिलं. खापरांच्या टेबलावर चहाचा कपसुद्धा ठेवू न देणारा हा माणूस, आणि खापर खिशात? पण विचारायचं कसं, हे त्याला सुचेना. त्याला आयुष्यात बऱ्याच वेळा ते सुचलं नव्हतं. त्याने चिठ्ठीवर लिहिलं, "चुरा".

त्या दिवशी सगळे वर जेवायला गेले तेव्हा काका गेले नाहीत. पाटीवाला चष्मा विसरला म्हणून परत आला, तर मधल्या दालनात रांजणाच्या पेटीचं दार उघडं होतं आणि काका गुडघे टेकून नावाड्याच्या खांद्यापाशी ते खापर धरून बसले होते. सांध्यात भरलेला गिलावा त्यांनी कोरून थोडा मोकळा केला होता. खापर खांद्याला लागलं.

टक्.

पाटीवाला चष्मा न घेताच परत फिरला.

दुसऱ्याच दिवशी बाई तळघरात आल्या, त्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरून. परदेशात जुन्या दंतकथांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथे रांजणाला बोलावणं आलं होतं. नुसतं बोलावणं नव्हे, दारावरच्या मोठ्या चित्रात नावाड्याचाच चेहरा.

"काका, तुमचा नावाडी विमानात बसणार!"

"बसू दे," काका परातीतून मान वर न करता म्हणाले. "मान सांभाळून न्या म्हणावं."

बाई हसल्या. पाटीवाल्याला हसू आलं नाही. बाई त्याच्याकडे वळल्या. "आणि नवी पाटी तुमच्याच हातची हवी बरं का. छापलेली नको. शनिवारपर्यंत द्या, सोमवारी पाठवायची पेटी बंद होणार."

आता पाटीवाल्याचा जीव टांगणीला लागला. काका महिनाअखेर घरी जाणार होते. त्या खापराबद्दल तिसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. खिशातलं खापर खिशातच राहिलं असतं तर काका ज्यांच्या हातून कधी चूक झाली नाही असे कारागीर म्हणून गेले असते, बाईंचं नाव झालं असतं आणि भोंग्याची गोष्टही शाबूत राहिली असती. सगळ्यांच्या भल्याचं होतं. फक्त रात्री अंथरुणावर पडलं की त्याच्या कानात "टक्" व्हायचं. बायको म्हणाली, "दाढ दुखतेय का? चेहरा तसा दिसतोय."

बुधवार गेला, गुरुवार गेला. काका रोजच्यासारखे येत, खिशावर हात ठेवून बसत. शुक्रवारी पाटीवाल्याने जाड कागद कापून घेतला, रेघा आखल्या, टाक बुडवला. "मागे" लिहिलं आणि हात थांबला. दुसरा कागद घेतला. त्यावर "मा" सुद्धा धड उतरेना. एकोणीस वर्षांत त्याच्या हातून कागद वाया गेला नव्हता, त्या दिवशी पाच गेले.

पाटी लिहिण्याआधी मजकूर काकांना वाचून दाखवायचा आणि "लिहू ना?" असं विचारायचं, ही त्याची पहिल्या दिवसापासूनची सवय. काका "लिही" म्हणत, मागे वळूनही न पाहता. त्या दिवशी तो खुर्चीवरून उठला, टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आला आणि सहावा कागद त्याने वाळूच्या परातीशेजारी ठेवला. कोराच.

"काका," तो म्हणाला, "काय लिहू?"

काकांनी कागद आपल्याकडे ओढला.

"तू बघितलंस का?"

"चष्मा विसरलो होतो. म्हणून आलो."

"चष्मा नव्हता, तर बघितलंस कसं?"

"ऐकलं."

काकांना हसू आलं. मग त्यांनी खिशातून खापर काढून कागदावर ठेवलं. पाटीवाल्याने पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. त्यावर मान होती आणि चेहरा होता. मोठा, पुढे बघणारा, ओठ घट्ट मिटलेले.

"हा नावाडी," काका म्हणाले. "खरा. नख अडत नाही."

"मग तो... मागे बघणारा?"

"तो दुसऱ्याच कोणाचा. मला तेव्हाच खटकलं होतं रे. मान खांद्याला लागेना, दोन बोटांची फट राहिली. फट राहिली की थांबायचं, हे मीच शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. पण मी गिलावा भरला. वरून रंग दिला. डोकं लहान आहे हे काय मला दिसलं नव्हतं?"

"पण का?"

हा प्रश्न विचारायला पाटीवाल्याला एकोणीस वर्षं लागली होती. काकांनी परातीतली वाळू तळहाताने सपाट केली.

"आमचं गाव धरणात गेलं. मी आठ वर्षांचा असेन. शेवटच्या दिवशी आम्ही गाडीतून निघालो. मी आणि धाकटी बहीण मागे, गाठोड्यांत. आम्ही दिसेनासं होईपर्यंत घराकडे बघत होतो. बाप गाडी हाकत होता. त्याने एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. एकदासुद्धा! बहीण रडत म्हणाली, 'बाबा, बघा ना.' तरी नाही. ते मी त्याला कधी माफ केलं नाही. शेवटपर्यंत त्याच्याशी धड बोललो नाही." त्यांनी वाळू पुन्हा विस्कटली. "हा रांजण हातात आला तेव्हा मला वाटलं, गाव सोडून जाणारा माणूस मागे बघितल्याशिवाय राहीलच कसा. डोकं मिळालं, तेही मागे बघणारं. म्हटलं, हाच. असाच असला पाहिजे."

पाटीवाल्याने काकांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला, खापरांच्या टेबलावर. काका त्या दिवशी त्याच्यावर ओरडले नाहीत.

"चल," थोड्या वेळाने ते म्हणाले. "बाईंकडे जाऊ. तू बरोबर ये, नाहीतर मी जिन्यातून परत येईन."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या खाली रांजणापाशी आल्या, खापर हातात घेतलं, खांद्याला लावलं आणि स्वतःच्या नखाने सांधा तपासला. त्यांचं नख छोटं होतं, तेही अडलं नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "माझं अर्धं आयुष्य या मानेवर उभं आहे."

"माझंही," काका म्हणाले.

त्या वर निघून गेल्या. शनिवारी त्या कोणाशी बोलल्या नाहीत. भोंग्याला कुठून वास लागला कोण जाणे, तो तळघरात येऊन उभा राहिला. "काका, हे काय ऐकतोय? मान बदलणार? अहो, मी लोकांना सांगू काय? सगळी गोष्ट त्या मानेवर आहे!"

"बिनमानेची सांग," काका म्हणाले. "तुला डोकं लागतं कुठे?"

भोंगा हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि ते बघून काकांनी त्याला स्टूल ओढून दिलं.

सोमवारी सकाळी पेटीवाली माणसं आली, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेरच थांबवलं आणि त्या तळघरात आल्या. डोळे सुजलेले होते. "मी त्यांना कळवलंय. त्यांना मागे बघणाराच हवा होता, दुसरा नको म्हणाले. रांजण जात नाही." मग त्यांनी बाह्या वर सारल्या. "उकला काका. मी धरते."

दोन दिवस काम चाललं. कापसाचे बोळे द्रवात बुडवून सांध्यावर ठेवायचे, डिंक विरघळायची वाट बघायची, मग गिलावा लाकडी काडीने कणाकणाने काढायचा. एकोणीस वर्षांपूर्वी जोडतानाही काकांचा हात एवढा हळू चालला नसेल. लहान डोकं सुटून त्यांच्या तळहातावर आलं तेव्हा ते कितीतरी वेळ तसंच धरून बसले. नवं खापर जागेवर बसलं. नावाडी आता पुढे बघत होता, आणि हातातला बांबू पहिल्यांदाच त्याच्या हातात शोभत होता.

"आता हे कोणाचं?" लहान डोकं दाखवत बाई म्हणाल्या.

काकांनी ते होडीच्या मागच्या टोकाकडे नेलं. तिथलं एक गाठोडं वरून फुटलेलं होतं, त्यावरही काकांचाच फिका गिलावा होता. तो काढायला दुपार झाली. मग त्यांनी डोकं गाठोड्यावर टेकवलं.

टक् झालं. ते तिघांनीही ऐकलं.

ते गाठोडं नव्हतंच. पाय पोटाशी घेऊन बसलेलं एक लहान मूल होतं, सोडलेल्या काठाकडे बघत. एकोणीस वर्षं पाटीवाल्याच्या सुंदर अक्षरात तिथे "सामान" असं लिहिलेलं होतं.

काकांनी सांध्यावरून नख फिरवलं. "हातात बांबू असलेल्या माणसाला मागे बघता येत नाही," ते म्हणाले. "होडी उलटेल." ते कोणाला उद्देशून म्हणाले हे पाटीवाल्याला कळलं नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. बाई उठून खिडकीकडे गेल्या.

नवी पाटी त्या आठवड्यात लागली. पाटीवाल्याने तीनदा मजकूर केला. शेवटी लिहिलं: "होडी. पुढे नावाडी, मागे बसलेलं मूल. नावाड्याचा चेहरा पूर्वी चुकीचा जोडला गेला होता. ती चूक जोडणाऱ्यानेच शोधून दुरुस्त केली. हे लोक गाव सोडून का गेले, ते अजून कळलेलं नाही." वाचून दाखवून त्याने विचारलं, "लिहू ना?"

"लिही," काका म्हणाले.

ते महिनाअखेर निवृत्त झाले. बाईंनी प्रबंधातली चूक स्वतःच दोन पानांत छापून टाकली. तीन-चार ठिकाणांहून टोमणे आले, ते त्यांनी गिळले. भोंगा आठवडाभर घुम्यासारखा फिरला आणि मग एका सकाळी त्याचा आवाज पुन्हा तळघरापर्यंत आला: "बाप पुढे बघतोय, कारण पोराने मागे बघावं म्हणून कोणीतरी पुढे बघायला लागतं!" पाटीवाल्याला वाटलं, भोंग्याच्या सगळ्या गोष्टींत ही बरी आहे. खरी आहे की नाही, कोणाला ठाऊक.

काका त्यानंतर एकदाच आले, थंडी सुरू व्हायच्या सुमारास, साठीच्या आसपासच्या एका बाईंना बरोबर घेऊन. त्यांनी रीतसर तिकिटं काढली होती. त्या बाईंचा चेहरा काकांचाच होता, फक्त जास्त हसरा. दोघं रांजणापुढे खूप वेळ उभी होती. बहिणीने काचेला बोट लावून काही विचारलं, काकांनी मान हलवली. पाटीवाला खांबाआड थांबला. त्यांच्यामध्ये जावंसं त्याला वाटेना.

मग काका त्याला शोधत तळघरात आले. आपलं रिकामं टेबल पाहिलं, परातीतल्या वाळूत बोट घालून बघितलं, "कोरडी पडलीय" म्हणाले. पाटीवाल्याला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. दोघं बोलत बोलत जिना चढले, बहीण दाराशी थांबली होती, आणि बोलणं झालं ते सगळं बुटांबद्दल: डाव्या बुटात कागद घालायचा, कारण तो पाय आखूड. असं होतं तर ते. पाटीवाला पायऱ्यांवर उभा राहिला. काका रस्त्यापर्यंत गेले, आणि तिथे थांबून मागे वळले.

"अरे," ते ओरडले, "खाली दिवा चालू राहिलाय बघ!"

"विझवतो, काका," पाटीवाला म्हणाला.